तोफेच्या मागची बाजू

सम्राट तेवोद्रोसने इंग्रज वकील आणि इतर काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं, म्हणून 1867-68 मध्ये मुंबई लष्कराचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. फौजेत मुंबईच्या देशी पलटणी होत्या. जहाजांतून 44 हत्ती गेले आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवरून आर्मस्ट्राँगच्या 12 पौंडी तोफा मगदलाच्या डोंगरात पोहोचल्या.

ही तोफ सुंदर यंत्र होती, हे इंजिनिअर म्हणून मला नाकारता येत नाही. नळीत आतून पेच कोरलेले, गोळ्यावर शिशाचा थर. बार उडाला की शिसं पेचांत रुतायचं आणि गोळा स्वतःभोवती फिरत नेमका जायचा. दारूगोळा मागून भरायचा, वरच्या खाचेतून लोखंडी ठोकळा आत सोडायचा आणि जाड स्क्रूने आवळायचा. दुखणं होतं ते या ठोकळ्यात.

1863 मध्ये इंग्रज आरमाराने जपानमधल्या कागोशिमावर मारा केला, तेव्हा आर्मस्ट्राँगच्या तोफांच्या 365 फैरींत 28 अपघात झाल्याची नोंद आहे. पुढे काही वर्षांत ब्रिटिश सैन्य चक्क तोंडाकडून भरायच्या तोफांकडे परतलं. त्याच माऱ्यात कागोशिमाचा मोठा भाग जळाला. त्यावर पार्लमेंटमध्ये वाद झाला खरा, पण त्या 28 मध्ये ते शहर नाही. तोफेचा दोष म्हणजे तोफेच्या मागे उभ्या असलेल्याला झालेली इजा. समोरच्याला झाली तर तोफ उत्तम चालते आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्या बगची व्याख्या याहून फारशी वेगळी नाही.

आर्मस्ट्राँगचं म्हणणं असं, की इंजिनिअरने देशाला उत्तम साधन द्यावं. वापराची जबाबदारी देशाची. 1859 मध्ये त्याने पेटंट सरकारला फुकट दिलं, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. 1863 मध्ये सरकारी पद सोडून तो तोफा परदेशांनाही विकू लागला. आता वापराची जबाबदारी नेमक्या कुठल्या देशाची?

मगदलाच्या दुसऱ्या बाजूलाही तोफा ओतणारे होते. गाफातच्या युरोपीय मिशनरी कारागिरांकडून तेवोद्रोसने बळजबरीने तोफा करून घेतल्या. त्यांतली सर्वांत अवजड ‘सेवास्तोपोल’. आपण त्यांना माफ करतो, कारण नकार दिला असता तर जीव गेला असता. आर्मस्ट्राँगला नकाराने काय गमवावं लागलं असतं? माझ्या पिढीला विचारलं तर ‘घराचे हप्ते’ असं उत्तर येईल. हप्ते खरे आहेत, पण हप्ते म्हणजे तेवोद्रोस नव्हे.

मारेगावहून वणी-वरोरा ओलांडलं की भद्रावतीचा दारूगोळा कारखाना. आमच्याकडे तिथली नोकरी म्हणजे पक्की नोकरी. मुलगा तिथे लागला की पेढे वाटतात. तिथे कामगाराच्या सुरक्षेचे नियम कडक असतात, असायलाच हवेत. त्या नोकरीला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण गोळा जिथे पडणार तिथली नोंद कोणाच्या वहीत जाते, हे तिथे किंवा माझ्या ऑफिसात कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

10 एप्रिल 1868 ला अरोगीच्या लढाईत तेवोद्रोसची शेकडो माणसं पडली. इंग्रजांच्या बाजूला जखमींतले दोघे दगावले. तीन दिवसांनी मगदला पडलं आणि तेवोद्रोसने स्वतःला गोळी झाडून घेतली. सेवास्तोपोल अजून त्याच डोंगरावर आहे.