हातावरची चांदणी

जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट निळे ठिपके दिसतात. कुठे तुळशीवृंदावन, कुठे नवऱ्याचं नाव, कुठे नुसती चांदणी. गोंदणारीण काजळीत सुई बुडवून टोचत जाई. रक्ताचा थेंब पुसला की खाली काळी रेघ उमटलेली. जखम भरली की त्या काळ्याचं हिरवं होई.

एवढं सोसायचं कशासाठी? उत्तर ठरलेलं: मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं.

इथेच खरा पेच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्र म्हटलं आहे. जुनं झालं की आत्मा ते टाकतो. मग वस्त्रावरची चांदणी आत्म्याबरोबर कशी जाईल? चितेवर कातडीही उरत नाही. शास्त्राच्या काट्यावर हा विश्वास टिकत नाही, हे मान्य करायला हवं. पण ज्या बाईच्या नावावर ना जमीन होती ना घर, तिला कुणी काढून घेऊ शकणार नाही असं काहीतरी हवं होतं, आणि ते तिनं कातडीवरच लिहून घेतलं. हे अज्ञान नव्हे.

शास्त्र एक आणि कातडी दुसरंच सांगते, असं इतर धर्मांतही दिसतं. बायबलच्या लेवीय ग्रंथात अंगावर गोंदायला मनाई आहे (१९:२८). तरीही इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवतात आणि जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या जुन्या नमुन्यांत बेथलेहेमचा तारा आहे.

आज मुली पार्लरमध्ये यंत्रानं तारे काढून घेतात. नको झाले तर लेझरनं पुसताही येतात. आजीच्या मनगटावरची चांदणी मात्र सुरकुत्यांत पसरून पुसट झालेली, एक टोक पार विरलेलं.