आधी बसून हिशेब करा



आपल्या भिवापूर परिसरातून कितीतरी जण रोज सकाळी डबा घेऊन उमरेडची, नागपूरची वाट धरतात. संध्याकाळी घरी येतात ते थकून, आणि काही जण मनाने मोडून. साहेबाचे टोमणे, वेळेवर न मिळणारा पगार, सुट्टी मागितली तर अपमान. मग रात्री मनात एकच विचार घोळतो, ‘उद्या राजीनामा फेकून यावा.’ आणि शेजारी झोपलेली मुले दिसली की तो विचार तिथेच गिळला जातो. या प्रश्नावर देवाचे वचन काय प्रकाश टाकते, ते आज पाहू या.

संत लूकच्या शुभवर्तमानात जणू दोन बाजू दिसतात. पाचव्या अध्यायात जकात नाक्यावर बसलेला लेवी प्रभूची हाक ऐकतो, सर्व सोडतो आणि उठतो. चौदाव्या अध्यायात तोच प्रभू विचारतो, की बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? अर्धवट बुरूज पाहून लोक हसतात. उठणे आणि बसणे, दोन्ही प्रभूनेच सांगितले आहे. प्रश्न एवढाच, की आज आपल्यावर कोणती वेळ आली आहे?

काही वेळा उठलेच पाहिजे. मालक खोटी बिले करायला लावतो, तिखटात भेसळ करायला सांगतो, तर ती नोकरी आत्म्याचा घात करते. कामाच्या ठिकाणी बहिणीची छेड काढली जात असेल, तर घरच्यांनी ‘सांभाळून घे’ असे म्हणू नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले, की कामगार ही वापरून टाकायची वस्तू नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना त्याच परिपत्रकाची आठवण केली. अन्याय मुकाट्याने सोसत राहणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे.

परंतु पुष्कळदा गोष्ट इतकी टोकाची नसते. काम नकोसे झालेले असते, मन विटलेले असते. अशा वेळी संत इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला मोलाचा आहे. मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये, असे ते सांगतात. भिवापूरकरांना हे वेगळे समजवायला नको. ओली मिरची पोत्यात भरली तर तिला बुरशी लागते. तिला आधी ऊन द्यावे लागते. रागाच्या रात्री घेतलेला निर्णयही ओलाच असतो. त्याला काही दिवस प्रार्थनेचे ऊन द्या. कागदावर दोन रकाने करा. राहिलो तर काय, सोडले तर काय. आणि स्वतःला विचारा, की अगदी असाच प्रश्न घेऊन एखादा अनोळखी माणूस आला, तर मी त्याला काय सांगेन?

मग वही उघडा. समजा, पगार १५,५०० रुपये आहे आणि खर्च १४,०००. त्यात बचत गटाच्या कर्जाचा हप्ता २,००० रुपये आणि तो संपायला पाच महिने आहेत. हप्ता संपला की घरखर्च १२,००० वर येतो. तीन महिने पगाराविना काढायचे, तर ३६,००० रुपये हवेत. पहिले पाच महिने दीड-दीड हजार, नंतर साडेतीन हजार बाजूला टाकले, तर चौदा महिन्यांत ती रक्कम जमते. चौदा महिने मोठे वाटतात. पण ज्या दुःखाचा शेवट दिसतो, ते सोसवते. ईजिप्तमध्ये योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवला होता. आपल्याला पाचवा जमला नाही तर दहावा ठेवू, पण ठेवू.

आणखी एक गोष्ट. कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली, की साधारणपणे ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १०,००० असेल, तर पाच वर्षांचे सुमारे २८,८०० रुपये होतात. मुदत पुरी होण्याआधीच रागाने सोडणारा ते गमावून बसू शकतो. प्रॉव्हिडंट फंडही लगेच काढून खाऊ नका. नव्या नोकरीत वळता करा. शेतकरी कितीही अडला तरी बियाणे खात नाही.

हा हिशेब एकट्याने करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. काही काळ ते नागपुरातही राहिले होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमधील अनेक वर्षांचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची तळमळ थोर होती. पण लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते, की पतीच्या उदार आणि मनस्वी स्वभावाची झळ चुलीपर्यंत पोहोचते, तेव्हा संसार कोण सावरते. म्हणून भावांनो, पगार किती आणि कर्ज किती, हे पत्नीपासून लपवू नका. राजीनामा एकाचा असला, तरी त्याची किंमत सारे घर मोजते. आणि भगिनींनो, नवरा गप्प गप्प असेल, तर आधी पैशाचे विचारू नका. आज कामावर काय झाले, ते विचारा.

सोडण्याआधी नवे काम थोडे करून पाहता येते. संत पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू बनवीत होते आणि देवाचे वचनही सांगत होते. हाताचे कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही.

शेवटी आपल्या सर्वांसाठी एक विनंती. एखाद्याने नोकरी सोडली, की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुजबुज सुरू होते. त्याऐवजी कोठे जागा निघाली असेल तर त्याला सांगा. त्याच्या घरी जा. काम गेलेल्या माणसाला उपदेश पुष्कळ मिळतात, सोबत मिळत नाही.

या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करा. पती-पत्नी मिळून वही उघडा आणि सुतारकाम करून घर चालविणाऱ्या संत योसेफाची मध्यस्थी मागा. राहायचे ठरले तर देव धीर देवो, सोडायचे ठरले तर धाडस देवो, आणि दोन्हींत घरात शांती नांदो. आमेन.