न दिसणारी गळती



मे महिन्यात गाडीचा एसी थंड हवा देईनासा झाला की आपण गॅरेजवाल्याला गॅस भरायला सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

आमच्या शेजारच्या तरुणाने मात्र घरीच तपासणी केली. फ्यूज, पंखा, फिल्टरमधली धूळ, कॉम्प्रेसरचा क्लच, सगळे एकेक करून पाहिले. शेवटी एका जोडापाशी तेलकट डाग दिसला. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, म्हणून गळतीपाशी असा डाग उमटतो. साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. जोडातली रबरी रिंग बदलायची होती. पण त्याआधी उरलेला गॅस काढणे भाग होते.

तो म्हणाला, "काका, व्हॉल्व्हची पिन दाबली की गॅस मोकळा. गॅस ओढून घेणाऱ्या मशीनचा खर्च कशाला? कोणाला कळणार आहे?"

पिन दाबल्याने हाताला, डोळ्यांना हिमदंश होऊ शकतो, हे मी सांगितले. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा होता. ज्याचे नुकसान झाले असा माणूस समोर दाखवता येत नाही, ते कृत्य पाप ठरते का?

बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला इजा करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे १,३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. तेवढा हवेत सोडणे म्हणजे जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, एका गाडीने जग बुडत नाही. खरे आहे. पण प्रत्येकाने हेच म्हटले, तर दोष कोणाचाच राहत नाही आणि नुकसान मात्र सर्वांचे होते. भोगतो तो, ज्याच्याकडे एसी नाही: उन्हात मासळी सुकवणारी बाई, शेतात राबणारा मजूर, अजून न जन्मलेले मूल. 'माझा शेजारी कोण?' असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने अनोळखी माणसाकडे बोट दाखवले होते.

एसी उष्णता नाहीशी करत नाही, आतली बाहेर टाकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घातक सवयींचे उदाहरण म्हणून एसीच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला आहे.

बोलता बोलता मीच ओशाळलो. मी पिन कधी दाबली नव्हती, पण गळती न शोधता तीन वर्षे गॅस भरत होतो. म्हणजे तोच गॅस मी हप्त्याहप्त्याने हवेत सोडत होतो! आपले पापनिवेदनही पुष्कळदा असेच असते. आपण दरवर्षी भरून घेतो, जोड मात्र तपासत नाही.

त्या तरुणाने गाडी मशीन असलेल्या गॅरेजात नेली. पुढच्या आठवड्यात मीही नेली. आता या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला विचारावे: माझी गळती कुठे आहे, आणि तिची झळ कोणाला लागते आहे?