दोन हजार माणसं आणि एक नालबंद

अकलूजच्या बाजारतळाजवळ एका आबांचं खोगिराचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. आत पाऊल टाकलं की आधी चामड्याचा आणि तेलाचा वास यायचा, मग अंधाराला डोळे सरावले की खुंट्यांवरची खोगिरं दिसायची, लगाम, रिकिबी, तंग, तोबरे, खरारे दिसायचे. वर्षभर गिऱ्हाईक तुरळक. दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरला, राजस्थान, गुजरात, पंजाबकडून ट्रकच्या ट्रक उतरले, की मात्र आबांना भाकरी खायलाही उसंत मिळायची नाही.

नातू पुण्यात कॉम्प्युटर शिकलेला. एका महिन्याच्या धंद्यावर वर्ष कसं काढायचं, ही काळजी त्याला लागली होती. त्यानं दुकानाची वेबसाइट केली, फोटो टाकले, किमती टाकल्या आणि वाट बघत बसला. गूगलवर खोगीर शोधलं तर आबांचं दुकान यायचं पाचव्या पानावर. पाचव्या पानापर्यंत कोण जातं?

एक दिवस फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडं लिंकच येत नाहीत, मग गूगल तुम्हाला ओळखणार कसं? पंधरा हजारांत दोन हजार लिंक देतो."

पहिलं वाक्य खरं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल उभं केलं ते याच विचारावर. ज्या संशोधनाचा दाखला इतर अभ्यासक देतात ते मोलाचं, हा विद्यापीठातला जुना रिवाज त्यांनी इंटरनेटला लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाला लिंक दिली, म्हणजे एकानं दुसऱ्यासाठी शब्द टाकला. ज्याच्यासाठी जास्त शब्द पडले तो वर.

नातवानं पंधरा हजार भरले. तीन आठवड्यांत दुकान पहिल्या पानावर आलं. बिदरहून एक ऑर्डर आली, जळगावहून दोन आल्या. पोरगा हरखून गेला. पुढं श्रावणात एका सकाळी त्यानं शोधून पाहिलं, तर दुकान पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही, विसाव्यावरही नाही. पैसे घेणारा फोन उचलेना. तेव्हा कुठं त्यानं त्या दोन हजारांतली काही पानं उघडून पाहिली. एक जुगाराचं, एक वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचं, एक कुठल्या तरी परक्या भाषेतलं. सगळ्यांच्या तळाशी आबांच्या दुकानाचं नाव, आणि त्याच्या वरखाली आणखी शे-दीडशे दुकानांची नावं.

शिकलेल्या पोराला हे आधी कळायला हवं होतं. विकत घेतलेल्या लिंक पकडायला गूगलनं एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाची चाळणी लावली आणि २०१६ पासून ती मूळ यंत्रणेतच मुरवून टाकली. पण गरज असली की माणूस समोरच्याचं ऐकतो. मी त्याला फार दोष देत नाही.

दिवाळीला तो घरी आला तो तोंड पाडूनच. आबांनी काही विचारलं नाही, फक्त बाजारात बरोबर नेलं.

बाजारात एका व्यापाऱ्यानं एक अबलख घोडी बांधली होती. अशी देखणी की येणारा-जाणारा थबकायचा. भोवती पाच-सहा जण, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. एक म्हणे, "मी काल साडेतीन लाख देत होतो, शेठ हालला न्हाय." दुसरा म्हणे, "गळ्याला देवमण हाय, घराचं सोनं करंल." तिसरा रवाल चालीचं कौतुक करत होता. फलटणकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ कडुनिंबाखाली बसलेल्या नालबंदाकडं गेले. "चाचा, जरा पाय बघता का?"

चाचा उठले. घोडीच्या मानेवर हात फिरवला, खांद्यावरून खाली आणला आणि पुढचा डावा पाय उचलून दोन्ही मांड्यांत धरला. खुराची माती खरवडली. मग सांडशीच्या तोंडात खूर धरून कडेकडेनं हलकेच दाबत गेले. एका जागी घोडीनं पाय झटकन ओढून घेतला. चाचांनी तो सावकाश खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "डांबरी रस्त्यावर चालवून बघा."

शेतकरी वळले. त्यांच्यामागं उभे असलेले दोघंही वळले. ते सहा जण बोलतच राहिले, पण ऐकायला कुणी उरलं नाही. दुपारी चाचांनी एका साध्या कुमैत घोड्याचे चारही पाय बघितले आणि म्हणाले, "पोराला बसायला बरा हाय." रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला.

नातवानं विचारलं, "आबा, तिकडं सहा जण सांगत होते, इकडं एकटा. तरी एकट्याचंच ऐकलं?"

"आरं, त्या सहा जणांनी पायाला हात तरी लावला का?"

"पण चाचांवर एवढा भरवसा कसा?"

"चाळीस वर्सं नाला ठोकतोय त्यो. ज्याला बरा म्हनला, त्यो बरा निघाला. आन् त्याला मोठं कुनी केलं? डॉक्टरांनी, जुन्या स्वारांनी. त्यांचा सोताचा शब्द वजनदार, म्हनून ह्याच्या शब्दाला वजन." आबा थांबले. "आनि दिसाला दोन घोड्यांस्नी बरं म्हनतो, जास्त न्हाय. उद्या शंभरास्नी म्हनू लागला, तर कोन इचारंल? डाळिंबाचं रोप कुठलं घ्यावं, हे त्याला कुनी इचारतंय का?"

पोरगा गप्प झाला. कॉलेजात शिकलेलं त्याला आठवलं. प्रत्येक पानाचं वजन त्याच्याकडं बोट दाखवणाऱ्या पानांच्या वजनावरून ठरतं, त्या पानांचं त्यांच्याकडं बोट दाखवणाऱ्यांवरून. आणि एकाच पानानं दोनशे ठिकाणी बोट दाखवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेवा हिस्सा. परीक्षेत त्यानं हे गणित सोडवलं होतं. ते कडुनिंबाखाली बसलेलं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

बाजार उठल्यावर तो आबांपुढं वही घेऊन बसला. खोगिरानं घोड्याची पाठ का लागते, हे त्यानं विचारून घेतलं. आबांनी जाड, वाकणारी तार घेतली, एका घोड्याच्या खांद्याच्या हाडामागं तीन-चार बोटं सोडून पाठीवर आडवी दाबली. पाठीचा उतार तारेत उतरला. तार अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली, पुठ्ठा कापला. "हा पुठ्ठा खोगिराच्या पोटात बसला पायजे. आनि खोगीर घातल्यावर मागनं बघायचं, कन्यावरनं उजेड आरपार दिसला पायजे. उजेड बुजला, की पाठ लागली म्हनून समज." चाचांनी खुरांची निगा सांगितली. नातवानं फोटो काढले, सगळं मराठीत लिहून वेबसाइटवर ठेवलं. आबांनी एक ओळ हट्टानं घालायला लावली: अरुंद, उंच कण्याच्या घोड्याला आमचं खोगीर बसत नाही.

"आबा, आपल्याच दुकानाचं असं कसं लिहायचं?"

"बसत न्हाय, तर न्हाय."

चार महिने काही झालं नाही. मग एका पशुवैद्यकानं आपल्या पानावर लिहिलं, घोड्याची पाठ मोजायची असेल तर हे वाचा, आणि खाली लिंक दिली. त्यानं कळवलंही नव्हतं, नातवाला ते आपसूक सापडलं. पावसाळ्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका संस्थेनं दिली, मग आणखी एकानं. वर्षभरात सात. दुकान आधी चौथ्या पानावर दिसलं, मग दुसऱ्यावर, दिवाळीच्या तोंडावर पहिल्यावर.

त्या बाजारात नांदेडकडचा एक माणूस दुकानाची पायरी चढला. काखेतल्या पिशवीतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा काढला. नीट कापलेला, कडेला पेन्सिलीची रेघ अजून दिसत होती. "तुमचं वाचून माप घेतलं," तो म्हणाला.

आबांनी पुठ्ठा एका खोगिराच्या पोटात धरला. मग दुसऱ्या, तिसऱ्या. पाचव्या खोगिरानंतर त्यांनी पुठ्ठा परत त्याच्या हातात दिला.

"ह्ये माप आमच्याकडं न्हाय. फलटनकडं एक कारागीर हाय, त्यो असल्या पाठीचं शिवतो. त्याच्याकडं जावा. पान्याचा घोट घेऊन जावा पन."

नातू काही बोलणार होता, पण त्याची नजर त्या पुठ्ठ्यावर गेली आणि तो पाणी आणायला आत गेला.

रात्री त्यानं लॅपटॉप उघडला. फलटणच्या कारागिराचंही एक पान निघालं, दोनच फोटो असलेलं, कुणी न बघितलेलं. खोगीर बसत नाही या ओळीखाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली: अशा घोड्यासाठी इथं विचारा. आणि लिंक जोडली.

आबा शेजारी तेलाची वाटी आणि फडकं घेऊन बसले होते. "त्याला कळवलंस का?"

"नाही."

"बरं केलंस," आबा म्हणाले आणि खुंटीवरचं पुढचं खोगीर उतरवून मांडीवर घेतलं.