ही वाडी कुणाची? (ईशावास्य, मंत्र १)



आजपासून ईशावास्य. अठरा मंत्रांचं छोटंसं उपनिषद, शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेचा शेवटचा, चाळिसावा अध्याय. दादरहून ठाण्याला लोकल पोचेपर्यंत आरामात वाचून होतं. पण मी पहिल्याच मंत्रापाशी आठ दिवस अडकलोय, आणि त्याला कारण आहे दिवेआगरची एक वाडी.

मंत्राचा भाव आधी सांगतो. या हलत्या जगात जे जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे. म्हणून त्यागून भोग घे. हाव धरू नकोस. आणि शेवटी धनाबद्दल दोन शब्द, ज्यांचा अर्थ दोन प्रकारे लागतो. एक, 'कुणाच्याही धनाची हाव नको'. दुसरा, 'धन मुळात आहे तरी कुणाचं?' आदि शंकराचार्यांनी भाष्यात दोन्ही अर्थ दिले आहेत. पहिल्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात प्रश्न. मला स्वतःला प्रश्नच जास्त छळतो. 'हाव' साठी मंत्रात जो धातू आलाय, त्याच धातूपासून गिधाडाचा 'गृध्र' हा शब्द आला आहे. वर घिरट्या घालत राहणं, नजर न हटवणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑफिसमधल्या एका मित्राच्या काकांची ही वाडी. बाहेर पाटी आहे, परवानगीशिवाय आत येऊ नये. आम्ही गेलो तेव्हा सकाळपासून पाऊस धरला होता. दिवेआगरच्या वाड्या लांबट, अरुंद पट्ट्यांसारख्या असतात: रस्त्याला घर, मागे विहीर, मग सुरूच्या बनापर्यंत नुसती हिरवाई, आणि पलीकडे समुद्र. तो दिसत नाही, पण ऐकू येत राहतो. सगळ्यात वर नारळ, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरवेल चढलेली, खाली जायफळ, केळी, कुठे कुठे अननस. पाट तुडुंब. वाटेत गळून पडलेल्या पोफळीच्या विऱ्या, त्यांच्यात साचलेलं पाणी. पाऊस मध्येच थांबला, पण आत ते कळलंच नाही, कारण वरची झाडं आपापल्या हिशोबाने पाणी सोडत होती. आकाशातला पाऊस थांबून पाव तास झाला तरी वाडीतला चालूच.

अशा ठिकाणी उभं राहिलं की शहरातल्या माणसाच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत काय येतं? आपलीही अशी एक असावी. दहाव्या मिनिटाला, इथे गुंठ्याला काय भाव असेल? आमच्या चौघांपैकी एकाने तर फोनवर प्लॉटच्या जाहिराती उघडल्यासुद्धा. गंमत म्हणजे दोन तास ती अख्खी वाडी आमचीच होती. हिरवा रंग, आवाज, ओल्या मातीचा वास, काकूंनी दिलेला गवती चहा. सातबाऱ्यावर नाव लागलं असतं तर यात नेमकं काय वाढलं असतं? पाऊस जास्त ओला लागला असता का?

काय वाढतं ते काकांनी सांगितलं. पाऊस सुरू व्हायच्या आधी सुपारीच्या घोसांवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, नाहीतर कोळेरोगाने कच्ची फळं गळून जमिनीवर सडा पडतो. पावसाने उघडीप दिली नाही तर परत फवारणी. ओल्या, शेवाळलेल्या पोफळीवर चढायचं म्हणजे जिवाशी खेळ, त्यासाठी माणूस मिळत नाही. उन्हाळ्यात पाणी चुकलं की पोफळ माना टाकते. म्हणजे मालकीने वाढतं ते हे. भोग जेवढा आम्हाला मिळाला तेवढाच काकांनाही मिळतो, कदाचित कमीच, कारण आम्ही वर बघत होतो ते हिरवं छत म्हणून, आणि ते बघत होते घोस काळे पडलेत का म्हणून.

इथपर्यंत मंत्र सोपा वाटतो. कुणाचंच काही नाही, येणाऱ्याने बघावं, आनंद घ्यावा, निघून जावं. पण वाडी हे जंगल नाही. 'कुणाचंच नाही' म्हणून सगळ्यांनी हात झटकले तर तिथे लवकरच वाळके सोट उभे दिसतील. तुम्ही माझ्या लाइनीतले असाल तर तुम्हाला हे माहीत आहे: ज्या कोडला कुणी मेंटेनर नाही तो 'सगळ्यांचा' असतो, आणि एके रात्री तीन वाजता तो बंद पडतो.

आता त्या दिवसातला जड भाग.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, सगळीकडच्या वाड्या झोपल्या. आंबा मोडला तर बुंध्यातून पुन्हा फुटू शकतो. नारळ-पोफळीचं तसं नाही. या झाडाला फांद्या नाहीत, वाढीचं टोक एकच, शेंड्याला. शेंडा गेला की झाड गेलं. बॅकअप नाही. आणि वरचा नारळ पडला की त्याच्या सावलीत वाढलेली, वादळातून वाचलेली पोफळही उन्हाने करपते. काकांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांनी लावलेले नारळ एका दुपारात गेले. वाडीच्या मधल्या भागात ते कळतं: तिथे आकाश दिसतं. त्या उघड्या जागेत नवी रोपं आहेत, काही माझ्या उंचीची, काही त्याहून वर. काकांनी सत्तरीत लावलेली. पोफळ धरायला पाच-सात वर्षं, नारळाच्या उंच जातीलाही साधारण तेवढीच, आणि त्याचा खरा बहर त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आमच्यातला एकजण, वाईट हेतूने नाही, म्हणाला, "जाऊ द्या काका, आपलं काय असतं, सगळं त्याचंच."

काका हातातली काठी पाटात घालून अडकलेला पाचोळा बाजूला करत होते. वर न बघता म्हणाले, "त्याचंच आहे रे. म्हणून तर रोज पाणी द्यायला लागतं. माझं असतं तर मागेच विकून मोकळा झालो असतो."

यावर कुणी काही बोललं नाही. पाऊस पुन्हा आला.

मी तेव्हापासून यावरच विचार करतोय. आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो, माझं नाही. प्रथम पुरुष. 'न तव', तुझं नाही, असं म्हणत कुणी दुसऱ्याच्या वतीने आहुती टाकत नाही. त्यागाचं वाक्य ज्याचं गेलंय त्यानेच उच्चारायचं असतं. बाहेरून, कोरड्या छत्रीखालून ते दुसऱ्याला ऐकवलं की शब्द तेच राहतात, पण उपनिषद राहत नाही. आपण ऑनलाइन सत्संगवाली मुलं हे फार सहज करतो असं माझं मत आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, की आपण लगेच वैराग्याचं रील पाठवतो.

आणि काका जे बोलले त्यात 'त्यागून भोग' चा जो अर्थ आहे तो मला कुठल्या टीकेत इतका थेट सापडला नव्हता. मी समजत होतो की ईश्वराचं आहे म्हटलं की आपली पकड सैल होते. त्यांच्याकडे उलट आहे. ईश्वराचं आहे म्हणून सोडता येत नाही. विकणं हा मालकाचा हक्क, आणि ते स्वतःला मालक धरत नाहीत. रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात, भाव विचारतात, घिरट्या घालतात. (गृध्र!)

दिवेआगरलाच 'धन कुणाचं' हा प्रश्न एकदा जमिनीतून वर आला होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये गावातल्या एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. वाडी खाजगी, पण मुखवटा गावच्या देवळात गेला आणि सगळ्यांचा सुवर्णगणेश झाला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा स्थापन झाला. एकच सोनं. एका वाडीने ते सोडलं, हावेने त्यासाठी माणसं मारली. मंत्राला याहून वेगळं उदाहरण कशाला हवं?

विनोबांचा जन्म याच रायगडातल्या गागोद्याचा. त्यांनी या उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ति' लिहिली आणि पुढे १९५१ पासून भूदानासाठी पायी फिरून लोकांकडे जमीन मागितली. पुस्तक मराठीत आहे, छोटं आहे. मिळालं तर जरूर वाचा.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला, तो परत येईल असं त्याला स्वतःलाही वाटत नाही. मग ही रोपं कुणासाठी? काकांना मी हे विचारलं नाही, पण त्यांच्याकडे कामाला येणारा गडी चालता चालता प्रत्येक झाडाला 'आमची' म्हणत होता: आमची ही पोफळ लवकर धरते, आमचा तो माड वाकडा आहे. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

उद्या दुसरा मंत्र. कर्म करत करतच शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी, असा त्याचा भाव आहे. वाचून या.