वेताळाचा प्रश्न आणि समुद्रातले छत्र

उज्जैनच्या देवास गेटवर बसची वाट पाहत उभे असता, ही विक्रमराजाची नगरी आहे ही जाणीव मला सोडीत नाही, आणि तिच्यामागोमाग वेताळाचा एक प्रश्न हटकून आठवतो. देवीपुढे एका स्त्रीचा पती आणि भाऊ आपापली शिरे वाहतात. देवी प्रसन्न होऊन ती जोडण्यास सांगते, आणि उतावीळपणे ती स्त्री एकाचे शिर दुसऱ्याच्या धडावर बसविते. पती कोणता? पतीचे शिर ज्याच्या धडावर तो, असा राजाचा निवाडा. कारण सर्व गात्रांत शिर श्रेष्ठ.

उष्ण, उथळ समुद्रात वाढणाऱ्या ॲसिटाबुलारिया नावाच्या हिरव्या शैवालाने मात्र हा निवाडा फिरविला. हे शैवाल म्हणजे एकच पेशी, पण काही सेंटिमीटर उंच: तळाशी मुळासारखा भाग व त्यात एकुलते केंद्रक, वर सडपातळ देठ, माथ्यावर छत्र. योआखिम हेमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकापासून यावर प्रयोग केले. एका जातीचे छत्र अखंड, दुसरीचे बोटांसारखे विलग. एकीचा देठ दुसरीच्या मुळावर कलम केला, तेव्हा पहिले छत्र कधी संमिश्र उगवले, पण ते छाटल्यावर आलेले छत्र मुळातील केंद्रकाच्याच जातीचे होते.

त्याहून मला थक्क करते ते केंद्रकहीन देठाचे वर्तन. मुळापासून तोडल्यावरही तो दीर्घकाळ जगला आणि त्याने आपल्या जातीचे छत्र एकवार उभारले. केंद्रकाचे पूर्वीच सुटलेले हुकूम, ज्यांना आज संदेशवाहक आरएनए म्हणतात, देठात शिल्लक होते. ज्ञानोत्तरही देह का टिकतो हे सांगताना सांख्यांनी दिलेला दृष्टांत, दंड उचलल्यावरही फिरत राहणाऱ्या कुंभाराच्या चाकाचा, इतका मूर्त झालेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मग केंद्रक हाच आत्मा काय? मी हे मान्य करीत नाही. छत्र परिपक्व झाल्यावाचून केंद्रक विभागत नाही, आणि छत्र वरचेवर छाटीत गेल्यास त्याचे विभाजन लांबते. म्हणजे हुकूम देणाराही देहाच्या अधीन. शिवाय जे भिंगाखाली दिसते ते, गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या परिभाषेत, क्षेत्रच, म्हणजे जाणणाऱ्याहून वेगळा असा देहच होय. शिर श्रेष्ठ की मूळ, हा क्षेत्राच्या हद्दीतलाच तंटा आहे.

वेताळाने राजाला विचारले. त्या दोन पुरुषांना कोणी विचारले नाही. परक्या धडात प्रथम भूक लागली, तेव्हा ती कोणाची म्हणून त्यांनी ओळखली असेल?