मधल्या पायऱ्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांची लहानपणीची रिमोटची गाडी खाली आली. रिमोटला हातभर लांब अँटेना होती आणि गाडीच्या पोटावर ‘२७ मेगाहर्ट्झ’ असं छापलेलं होतं. आत राहिलेले सेल पाझरून खाचेत पांढरट थर साचला होता. आजीनं व्हिनेगरच्या बोळ्यानं तो पुसला, खाच कोरडी केली, चार नवे पेन्सिल सेल बसवले आणि गाडी चालू झाली.

पण तिला चालणं ठाऊकच नव्हतं. बटण दाबलं की पूर्ण जोर, सोडलं की शून्य. पुढची चाकंही एक तर पार डावीकडे वळायची, नाही तर पार उजवीकडे. छकुलीनं टपावर आपली बाहुली बसवली, ती पहिल्याच झटक्याला फरशीवर आली.

“दादा, हळू चालव ना!”

“हिला हळू येत नाही! तू हात लावू नकोस!” चिनू एवढ्या जोरात ओरडला की छकुलीनं बाहुली उचलली आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

आठवीतल्या चिनूला गाडी हळू करायची नव्हतीच. साठवलेले पैसे घेऊन तो बुधवार पेठेत गेला आणि पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि तिचा चार्जर घेऊन आला. बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असलं, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर ती ८.४ व्होल्ट देते. आजी देवळात गेलेली असताना त्यानं बॅटरीच्या वायरी थेट जुन्या सर्किटला जोडल्या. गाडी सुसाट सुटली, उंबऱ्यात अडकली, आतून कर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर गेले होते आणि गिअरचे दातेही उडाले होते.

आजीची सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्किट जोडण्यात गेली होती. ती रागावली नाही. तिनं मोटर बाहेर काढली, आधीच्या चार पेन्सिल सेलना जोडली आणि चिनूच्या हातात मल्टिमीटर दिला.

“किती दाखवतंय?”

“साडेपाचच्या वर.”

आजीनं मोटरचा दांडा पकडीत क्षणभर धरला. काटा झपकन चारच्या खाली आला.

“बघ. जोराची वेळ आली की हे सेल दमतात. ते दमत होते म्हणून इतकी वर्षं दाते टिकले. तुझी बॅटरी दमत नाही, अडकलेली मोटर मागेल तेवढा करंट देते. मग जे सगळ्यात नाजूक असेल ते आधी तुटतं.”

“म्हणजे परत पेन्सिल सेलच घालायचे?”

“नाही. बॅटरी चांगली आहे, पण तिच्या जोराला मधल्या पायऱ्या हव्यात.”

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बुधवार पेठेत गेली. ब्रशच्या मोटरसाठीचा स्पीड कंट्रोलर, २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर, चाकं वळवायला एक छोटा सर्व्हो आणि तुटक्या गिअरच्या मापाचा नवा गिअर घेतला. दुकानदार सर्वांत स्वस्त कंट्रोलर काढत होता. आजीनं त्याला थांबवलं. “मोटर अडकल्यावर जेवढा करंट खेचेल तेवढा सोसणारा द्या. मोकळी फिरताना काय, कुठलाही चालतो.”

घरी जळकं सर्किट निघालं. जुन्या स्टिअरिंगची मोटर निघाली. चाकं सरळ ठेवणारी स्प्रिंग चिनू तशीच ठेवत होता. आजी म्हणाली, “काढ ती. सर्व्हो आपली जागा स्वतः धरतो. स्प्रिंग राहिली तर दिवसभर तिच्याशी झगडत बसेल.” मग मोटरवर सिरॅमिकचे तीन छोटे कपॅसिटर बसले. एक दोन्ही टोकांमध्ये, उरलेले दोन एकेका टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगावर. ब्रशच्या ठिणग्यांनी होणारा विद्युत गोंगाट ते शोषून घेतात. नाही तर त्या गोंगाटानं सर्व्हो उगाच थरथरतो. रिसीव्हर आणि सर्व्हो यांना लागणारे पाच व्होल्ट कंट्रोलरमधूनच मिळाले.

“आजी, हा कंट्रोलर मोटरला अर्धा जोर कसा देतो?”

“गंमत हीच आहे. यालाही चालू आणि बंद एवढंच येतं. पण तो सेकंदाला हजार-हजार वेळा चालू-बंद करतो. चालू आणि बंद सारखाच वेळ असला, की मोटरला अर्धा जोर मिळतो. चालू थोडा आणि बंद जास्त, की गाडी रांगते. ताकद तीच, पण मोजून दिलेली.”

आजीनं कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर ठेवला, म्हणजे एकेक सेल तीन व्होल्टच्या आसपास उतरला की तो मोटर थांबवेल, कारण त्याखाली गेली की ही बॅटरी खराब होते. चार्जिंगच्या वेळी जवळ बसून राहायचं, हे तिनं चिनूकडून वदवून घेतलं. ट्रान्समीटरवर जोराची कमाल मर्यादा साठ टक्के ठेवली. रिमोट बंद पडला तर गाडी आपोआप थांबते, हेही चाकं हवेत धरून तपासलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी निघाली. चिनूनं ट्रिगर जरासा ओढला आणि ती मुंगीच्या चालीनं सरकली. अजून ओढला, वेग वाढला. खांबाला वळसा घालताना चाकं हवी तेवढीच वळली. मोटर बाबांच्याच वेळची होती, प्लास्टिकही तेच होतं. तरीही ती हळूही गेली, वेगातही गेली, आणि दाते शाबूत राहिले.

छकुली जिन्यात उभी राहून बघत होती. आजीनं तिच्या हातात रिमोट दिला. तिनं घाबरून ट्रिगर पूर्ण ओढला आणि गाडी भिंतीवर आदळली. चिनूच्या गळ्यात कालचंच ओरडणं तयार होतं. पण त्यानं ते आवरलं. खाली बसून त्यानं रिमोटवरची मर्यादा तीस टक्क्यांवर आणली.

“आता पूर्ण दाबलंस तरी गाडी पळणार नाही. वळायला शिक, मग मी पाच-पाच टक्के वाढवत जाईन.”

रविवारपर्यंत बाहुली टपावर बसून सगळ्या पार्किंगची फेरी मारत होती, आणि रिमोट छकुलीच्या हातात होता.

आजी चिनूला म्हणाली, “गाडीला मी कंट्रोलर बसवला. तुला तो तूच बसवलास.”

तात्पर्य : ताकद मिळवणं सोपं असतं, ती बाजारातही मिळते. समोरच्याला किती पेलेल हे पाहून तेवढीच देणं, हे शिकावं लागतं. यंत्र असो की माणूस, जोरापेक्षा मोजमाप आधी यावं. ज्याला थोडं देता येतं, त्याच्याच हाती पुष्कळ सोपवावं.